गुडमारचा पाला आणि मामींचे धोंडे

माझं वजन अठ्ठ्याण्णव किलो होतं, आणि ते उतरवायच्या नादात मी माझ्या सासूचा स्वयंपाक कायमचा बंद पाडला.

त्या साली अधिक महिना आला आणि तीर्थपुरीहून सासूबाईंचं बोलावणं आलं. तीन वर्षांतून एकदा जावयाला पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे, असा रिवाज. (जावयाचं वजन विचारायचा रिवाज नाही.) इकडे डॉक्टरांनी गोड बंद सांगितलेलं. शेवग्याचा पाला, भिजवलेली मेथी, कारल्याचा रस, सगळं मी पचवून बसलो होतो. उलट भूक वाढली होती! मग परतूरच्या बाजारात एका जडीबुटीवाल्यानं गुडमारचा पाला हातावर ठेवला.

"दोन पानं चावा साहेब. गोडाची चवच लागत न्हाई. वजन बराबर उतरतं!"

सासुरवाडीच्या दारात चपला काढता काढता मी सहा चावली. हयगय नको!

मामींना, म्हणजे सासूबाईंना, वर्षभरापासून विसर पडू लागला होता. चष्मा पिठाच्या डब्यात सापडायचा, भाजीत दोनदा मीठ पडायचं. त्याची त्यांनाच फार भीती वाटायची. म्हणून त्या दिवशी त्यांनी सुनेला गॅसजवळ फिरकू दिलं नाही. "धोंडे मीच करणार. एवढं तरी याद हाय मला."

पहिला घास जावयाचा. तोवर घरात कोणी काही तोंडात घालायचं नाही. मी धोंडा फोडला, वर तूप घेतलं, घास घातला. माती! चक्क ओली माती! दारात चावलेल्या पाल्याचं माझ्या ध्यानातच नव्हतं.

"गोड झालं का, जावईबापू?"

मी खरं बोलणारा माणूस (नको तिथं). "मामी, गूळ राह्यला का काय?"

मामींचा चेहरा उतरला. "घातल्ता की मी... घातल्ता ना गं, सुनंदा?"

"मी कुठं पाह्यलं, आई," माझी बायको म्हणाली.

सगळं पुरण परत गॅसवर! गूळ पडला, नवे धोंडे आले. माती! "अजून थोडा पाह्यजे," मी म्हणालो. तिसऱ्यांदा गूळ, वर पिठीसाखर. तेवढ्यात भुकेनं कावलेल्या मेहुण्यानं एक तोंडात कोंबला आणि डोळे पांढरे केले.

"दाजी, दात दुखून राह्यले! पाकच झाला की ह्याचा!"

"होईल नाही तर काय, दोनदा घातला," मामी हळूच म्हणाल्या. "पहिल्यांदा विसरलेच मी."

मग आग्रह झाला, आहेर झाला, फोटो झाले. पाऊण तास गेला. ताटाच्या कडेला पहिल्या धोंड्याचा तुकडा उरला होता, तो मी सहज तोंडात टाकला. गोड. अगदी बरोबर गोड!

सांगायला तोंड उघडलं, तर मामी सुनेच्या हातात गुळाचा डबा देत होत्या. "घे बाई. आता तूच कर. माझं डोकं कामाचं न्हाई राह्यलं."

भरल्या घरात जावई पाला खाऊन आलाय, हे कसं सांगायचं? लाज वाटली. म्हटलं, पुढच्या धोंड्याला सांगू, सगळे पोट धरून हसतील.

पुढच्या धोंड्याला तीन वर्षं लागतात. मामींना तेवढी मिळाली नाहीत. त्यांनी पुन्हा कढईला हात लावला नाही. शेवटी दवाखान्यात त्यांचा हात धरून मी सगळी हकीकत सांगितली, अगदी सहा पानांसकट. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"कोणाकडचे पाव्हणे म्हणायचे तुम्ही?" त्या म्हणाल्या. "जेवून जा."

पाला मी चार दिवसांत सोडला. वजन आता एकशे सहा आहे. कोणीही काहीही वाढलं की घास तोंडात जायच्या आत मी सांगून टाकतो, "गोड झालंय, एकदम बराबर!" परवा मिरचीच्या ठेच्यालाही म्हणालो.