चौसष्ट नंबरची बोटं

लेलँड कुचेरा एकेचाळीस वर्षं ऑर्टेल गावच्या धान्य सोसायटीत वजनकाट्यावर बसला. मक्याचा ट्रक आत शिरला की आधी टायरांकडे बघून वजन मनाशी धरायचं आणि मग काट्याकडे बघायचं, ही त्याची पद्धत. दोन्ही आकड्यांत फार फरक पडला तर तो काटा तपासायला माणूस बोलवायचा. गेल्या वर्षी तो निवृत्त झाला. पण शनिवारचं काम काही त्यानं सोडलं नाही.

ऑर्टेल कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा सामना घरच्या मैदानावर असला की साखळी लेलँडच्या हातात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात तर चेंडू तुमच्याकडे राहतो, नाहीतर समोरच्याकडे जातो. ते दहा यार्ड मोजणारी ही साखळी. पुढच्या काठीपाशी लेलँड, मागच्या काठीपाशी निवृत्त पोस्टमन गिब शोमाकर. सत्तावीस वर्षं हीच जोडी.

साखळीवाल्यांनी पाहुण्या संघाच्या बाजूला उभं राहायचं, टाळी वाजवायची नाही, ओरडायचं नाही. पहिल्याच वर्षी म्हाताऱ्या पंचानं दोघांना बजावलं होतं, "त्या बाजूला जे ऐकाल ते तिथंच ठेवून घरी जायचं." लेलँडनं ते इतकं मनावर घेतलं की बायकोलाही, आर्लिसलाही, त्यातला एक शब्द कधी कळला नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी वॉलबाख कॉलेजनं ऑर्टेलला अठ्ठावन्न–शून्य असं धुतलं. सगळ्या गावानं तो पराभव पाहिला. लेलँडनं मात्र तो ऐकला. दुसऱ्या सत्रात वॉलबाखचा एक तरुण मदतनीस कोच त्याच्या पाठीमागून म्हणाला, "त्यांच्या चौसष्टच्या बोटांकडे बघा."

ऑर्टेलचा चौसष्ट नंबर म्हणजे ओवेन, दूधवाल्या शेतकऱ्याचा पोरगा, अंगानं दाराएवढा, काम आपल्या चेंडूवाल्यासाठी समोरच्यांना अडवायचं. चेंडू सुटायच्या आधी हा वाकून एक हात जमिनीला टेकवतो. चेंडू घेऊन पळायचं असेल तर तो पुढे रेलतो, सगळा भार हातावर येतो आणि बोटांची टोकं पांढरी पडतात. चेंडू फेकायचा असेल तर त्याला मागे सरकायचं असतं, म्हणून बोटं नुसती गवताला टेकलेली. एकदा हे कळल्यावर वॉलबाखचे लोक दरवेळी आधीच ओरडत होते, "पळणार," "फेकणार," आणि एकदाही चुकत नव्हते. दहा जण जीव तोडून खेळत होते आणि अकराव्याचा हात सगळं सांगून टाकत होता.

लेलँड काठी धरून उभा राहिला. घरी गेल्यावर तो जेवला नाही.

ऑर्टेलमध्ये सामन्यानंतरच्या सोमवारी कोचनं चर्चच्या तळघरात पॅनकेक खायला यायचं आणि गावाच्या प्रश्नांना तोंड द्यायचं, ही जुनी चाल. त्या सोमवारी कोच टॉलिव्हरकडे कुणी पाकाची बाटलीसुद्धा सरकवली नाही. माणूस चाळिशीच्या आतला, ऑर्टेलमधलं हे दुसरंच वर्ष. कोरडे पॅनकेक संपवून तो उठला आणि म्हणाला, "चूक माझी आहे. नेमकी कुठे आहे ते अजून कळलेलं नाही. शोधतोय."

"लवकर शोधा, कोच," मागून कुणीतरी म्हणालं. "नाताळच्या आत सापडली तर बरं."

लोक हसले. लेलँड हसला नाही. 'अजून कळलेलं नाही' असं म्हणणारा कोच त्यानं पहिल्यांदाच पाहिला होता.

मग सुधारणा सुरू झाल्या. पहाटे साडेपाचला सराव. जर्सीच्या पाठीवरची नावं काढून टाकली. कपडे बदलायच्या खोलीतली गाणी बंद. कर्णधार बदलले. गावाला प्रत्येक गोष्ट पसंत पडली आणि तरी पुढच्या शनिवारी बाहेरगावी संघ एकतीस–सहा असा हरून आला. लेलँडला यातल्या कशाचंच कौतुक नव्हतं, रागही नव्हता. त्याच्या लेखी प्रश्न एकच होता, ओवेनची बोटं कोचला दिसली का. अख्ख्या गावात या माणसाच्या कामाची खरी परीक्षा घेऊ शकेल असे दोघंच होते, तो आणि गिब, आणि दोघांच्याही तोंडाला कुलूप.

बुधवारी त्याचा मेव्हणा ड्वेन राडेमाखर घरी आला. ड्वेनचं ट्रॅक्टरचं दुकान होतं आणि कॉलेजच्या क्रीडा समितीचा तो अध्यक्ष होता. आर्लिसनं कोलाचे, म्हणजे प्लमचं सारण भरलेले गोड पाव, पुढे ठेवले.

"रविवारी दुपारी समिती बसतेय," ड्वेन म्हणाला. "दोघं म्हणतात हंगाम संपायच्या आत काढा त्याला, दोघं म्हणतात ठेवा. पाचवं मत माझं."

"मग दे की मत."

"मला ट्रॅक्टर कळतात, लेलँड. तू मैदानाला चिकटून उभा असतोस. तू सांगशील ते माझं मत."

"शनिवारी बघतो. रविवारी सांगतो."

"म्हणजे जिंकला तर ठेवायचा?"

"असं कुठं म्हणालो मी?"

"बसून राहा त्याच्या तोंडाकडे बघत," आर्लिस भावाला म्हणाली. "मला मागणी घालायला यानं दोन सुग्या घालवल्या."

ड्वेन पुढे झुकला. "वॉलबाखवाले त्या दिवशी काय बोलत होते रे? तू ऐकलं असशीलच."

लेलँडनं त्यातला एक उचलला.

"म्हणजे ऐकलंयस."

"तू पण घे. गरम आहेत."

ड्वेन गेला, पण लेलँडला चैन पडेना. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य टॉलिव्हरच्या कानात घातलं की माणसाची नोकरी वाचली असती. गुरुवारी तो चालत सरावाच्या मैदानापर्यंत गेला आणि कुंपणाशी उभा राहिला. साठ यार्डांवरून ओवेन दिसत होता, बोटं काही दिसेनात. तेवढ्यात टॉलिव्हर त्याच्या दिशेनं चालत आला.

"मिस्टर कुचेरा, काही काम होतं?"

"नाही, कोच. पाय मोकळे करतोय."

"त्या दिवशी तुम्ही त्यांच्या बाजूला होतात."

"होतो."

"मी तुम्हाला काही विचारणार नाही, पण फार विचारावंसं वाटतंय."

"हवा बरी आहे आज," लेलँड म्हणाला आणि जवळजवळ पळतच घरी आला.

शनिवारी पाहुणा संघ होता ड्रेस्डेन कॉलेज. त्यांचा मुख्य कोच पोट सुटलेला, खडा आवाज. पहिल्याच प्रयत्नाच्या वेळी तो ओरडला, "चौसष्ट! पांढरी! पळणार!" वॉलबाखवाल्यांनी आपला शोध दोस्तांना वाटलेला दिसत होता. ऑर्टेलचा गडी पळाला आणि जागेवर आडवा झाला. मग "फेकणार," आणि फेक अडली. चारदा ओरडले, चारदा बरोबर. सात–शून्य, मग चौदा–शून्य. ड्रेस्डेनच्या बाकावर पोरं एकमेकांना कोपरखळ्या मारत होती.

'नाही सापडली,' लेलँडच्या मनात आलं. काठी त्याला जड वाटायला लागली.

दुसऱ्या सत्रात ओवेनची बोटं पांढरीफटक पडली. "पळणार," पोटवाला ओरडला आणि त्याचे सगळे गडी पुढे धावले. ओवेन मागे सरकला, चेंडू त्यांच्या डोक्यावरून गेला आणि मोकळ्या मैदानात ऑर्टेलच्या पोरानं तो झेलला. चाळीस यार्ड. लेलँड आणि गिब साखळी घेऊन धावत सुटले. त्रेसष्टाव्या वर्षी लेलँड इतका हलका कधी धावला नव्हता.

"योगायोग," पोटवाला म्हणाला.

पुढच्या वेळी बोटं नुसती टेकलेली. "फेकणार, मागे सरका!" सगळे मागे सरकले आणि ओवेननं मधोमध दरवाजा उघडावा तशी वाट करून दिली. गडी थेट शेवटच्या रेषेपार. चौदा–सात. मैदानापलीकडे तीन हजार लोक उभे राहून ओरडत होते आणि लेलँड दात घट्ट आवळून, नजर जमिनीला लावून उभा होता.

"तू सांगितलंस का रे?" साखळी हलवताना त्यानं गिबला हळूच विचारलं.

"मी?" गिब भडकला. "तीस वर्षं लोकांची पत्रं वाटली, एक तरी उघडलं का?"

"बरं, बरं."

मध्यंतरानंतर बाकावर भांडणंच लागली. "तूच म्हणालास ना पांढरी म्हणजे पळणार?" "पांढरीच होती, मी बघितली ना!" "मग चष्मा घे!" लेलँडच्या कानांना ती मेजवानी होती. ओवेन आता कधी खरं सांगत होता, कधी खोटं, आणि कधी काय ते त्याला आणि टॉलिव्हरलाच ठाऊक. चौदा–चौदा. मग ड्रेस्डेननं पायानं चेंडू खांबांमधून मारून तीन गुण काढले.

सतरा–चौदा, एक मिनिट उरलेलं, ऑर्टेलचा चौथा प्रयत्न, दोन यार्ड हवेत. पोटवाल्या कोचनं सगळ्यांना जवळ बोलावलं. आवाज आता खडा नव्हता. "त्याच्या बोटांकडे कुणीही बघायचं नाही. कळलं? कुणीही नाही. चेंडूकडे बघा आणि देवाचं नाव घ्या."

हे लेलँडच्या अगदी कानाशी झालं.

ओवेन वाकला, चेंडू सुटला, बावीस जणांचा ढीग झाला. पंचानं साखळी मागवली. गिबनं मागची काठी टेकवली, लेलँड पुढची घेऊन चालत गेला. सगळं मैदान गप्प. त्यानं साखळी ताणली. कड्या सरळ होईपर्यंत, नेहमी ताणायचा तितकीच, एक केसभर कमी नाही की जास्त नाही. चेंडूचं टोक काठीच्या दोन बोटं अलीकडे होतं.

पंचानं हात दुसऱ्या दिशेला केला. सामना गेला.

रविवारी चर्च सुटल्यावर ड्वेननं त्याला गाडीपाशी गाठलं.

"तू थोडी ढिली धरली असतीस तर—"

"ड्वेन."

"गंमत केली रे. बोल, काय सांगू समितीला?"

"ठेवा त्याला."

"तीन सामने लागोपाठ हरलाय तो."

"ठेवा."

"का? ते लोक विचारणार मला. का म्हणून?"

"ते मला सांगता येणार नाही."

"म्हणजे मी तिथं जाऊन म्हणू की कारण नाही, पण माझ्या बहिणीचा नवरा म्हणतो?"

"हो," लेलँड म्हणाला. "असंच म्हण. त्याला जे शोधायचं होतं ते त्यानं शोधलंय. कुणाच्या मदतीशिवाय, दोन आठवड्यांत. याहून जास्त मला बोलता येत नाही."

ड्वेननं त्याच्याकडे बघितलं. लेलँडचे कान लाल झाले होते आणि साठी उलटलेला हा शांत माणूस बुटाच्या टाचा उचलत-टेकवत उभा होता, शर्यतीआधी पोरं उभी राहतात तसा. ड्वेन गाडीत बसला.

चार वाजता फोन आला.

"तीन–दोन," ड्वेन म्हणाला. "राहिला तुझा कोच. हसले मला ते. आता तरी सांग."

"नाही."

"आर्लिसला दे फोन."

"तिलाही माहीत नाही," लेलँड म्हणाला, फोन बायकोच्या हातात दिला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेला. पुढचा घरचा सामना तेरा दिवसांवर होता. येणाऱ्या संघानं कालची फिल्म एव्हाना पाहिली असणार. बोटं सोडून आता ते आणखी काहीतरी हेरतील, आणि काय हेरलं ते गावात सगळ्यात आधी त्याच्या कानावर पडणार. त्यानं तारखेभोवती पेन्सिलीनं गोल काढला, मग तोच गोल पुन्हा एकदा गिरवला.