तान्ह्या मुलांशी भांडणारी आकडसासू

पोळ्याची अमावास्या. दुसऱ्या दिवशी भाद्रपद शुद्ध प्रतिपदा, म्हणजे तान्हा पोळा. त्याच पंधरवड्यातील समितीच्या बैठकीचा सोमवार. आणि घटस्थापनेची सकाळ. वर्ष, आणीबाणी उठली तेच. या दिवसांत जे घडले त्यास मी पुढील व्यक्तींना जबाबदार धरतो: आमच्या गावाबाहेरील बालसदनाच्या अधीक्षिका, तपासणी समितीचे अध्यक्ष, अध्यक्षांची मान हलताच आपलीही हलवणारे उर्वरित सभासद, आणि माझी आकडसासू, म्हणजे माझ्या पत्नीची थोरली बहीण. इतरांवर मुलांना गप्प बसवल्याचा आरोप आहे, आकडसासूवर त्यांना बोलते केल्याचा. शिक्षा मात्र, आपल्याकडील प्रथेप्रमाणे, या यादीत नसलेल्या व्यक्तीला झाली.

उभ्या भंडारा जिल्ह्यात माझ्या आकडसासूने ज्याच्याशी वाद घातला नाही असा सजीव प्राणी शोधून सापडणार नाही. सजीवाची अटही मी केवळ भिडेखातर घालतो, कारण न पेटणाऱ्या चुलीला तिने दोन्ही बाजूंचे म्हणणे मांडून दाखवलेले मी स्वतः ऐकले आहे. एसटीच्या कंडक्टरने “बाई, पुढं सरका” म्हटले की ती विचारी, “काहून सरकू? पुढं का धक्के कमी लागते?” आणि त्याने कारण दिल्याशिवाय तिकिटाला हात लावू देत नसे. म्हशीने दूध कमी दिले तर गोठ्यात रीतसर सुनावणी होई. आंधळगावच्या बाजारात भाजीवाल्या तिला पाहताच वांगी झाकून ठेवीत, भाव पडेल म्हणून नव्हे, तर दुपार जाईल म्हणून. एवढे असूनही तिच्या वादात एक न्याय होता, जो मला अनेक न्यायालयांत आढळला नाही: समोरच्याचे उत्तर ती पूर्ण ऐकून घेई. तो बोलला नाही तर ती थांबे. थांबण्याची तिची ताकद बोलण्याहून भयंकर होती.

हीच पद्धत तिने तान्ह्या मुलांनाही लावली. आमचा धाकटा सहा महिन्यांचा असताना तिने त्याला मांडीवर घेऊन विचारले, “काहून गा, रडून राहिला? दूध पेला ना आत्ताच? मंग कोनता अन्याय झाला तुयावर? सांग!” आणि ती थांबली. पोराने रडणे आवरून “अं” केले. “हे काही उत्तर नाई झालं,” ती म्हणाली, आणि दोघांत पाऊण दुपार खडाजंगी झाली. मी म्हणालो, “बाई, त्याला समजते का काही?” त्यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी पुढे फक्त समितीकडे वळलेली पाहिली. “जवाईबुवा, समजल्यावर बोलाचं, का बोलल्यावर समजते? तुमीच सांगा.” मी आयुष्यभर लोकांचे अर्ज लिहिले, कलमे तोंडपाठ केली, या प्रश्नाचे कलम मला सापडले नाही.

दुर्दैवाने, गावाच्या टोकाला असलेल्या तिच्या घरासमोरच ते बालसदन होते. चिखल्याच्या मँगनीज खाणीत बाप गेलेली, आई दुसरीकडे नांदायला गेलेली, कोणी कोणाच्या दारात सोडलेली अशी लहान मुले तेथे ठेवीत. सदनाची कीर्ती मोठी होती. भिंतीवर ‘शांतता’ अशी पाटी होती आणि मुले ती, अक्षरओळख नसतानाही, अचूक वाचीत. पाहुणे येत, ओळीत बसलेली मुले बघत आणि शेरेबुकात ‘मुले अत्यंत शिस्तप्रिय’ असे लिहून चहा पीत. रडणाऱ्या बाळाला उचलण्यास मनाई होती, कारण उचलल्याने सवय लागते. जेवण लागण्याची सवय तेवढी कशी कोण जाणे सुटली नव्हती. अधीक्षिकाबाई तीवरही काही उपाय शोधीतच असाव्यात. आकडसासू दूध घालण्याच्या निमित्ताने फाटकाशी जाई आणि तारेच्या कुंपणातून आतल्या मुलांशी भांडत असे. तिला हाकलले की ती दुसऱ्या बाजूने येई.

या मुलांत पारबता नावाची पाच वर्षांची मुलगी होती. ती कधीच बोलली नव्हती. अधीक्षिकाबाईंनी तिच्या नावापुढे ‘मुकी व मंदबुद्धी’ असे लिहून दूरच्या एका संस्थेत पाठवण्याची शिफारस केली होती. समितीची मोहोर तेवढी उरली होती. आकडसासूला हे कळले ते पोळ्याच्या अमावास्येला. “मुकी?” ती म्हणाली. “तिले कोनी काही इचारलं कधी?”

तान्ह्या पोळ्याला आमच्याकडे मुले लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि लोक बैलाची पूजा करून मुलांच्या हातावर बोजारा ठेवतात: खाऊ, एखादे नाणे. त्या वर्षी एका कापड दुकानदाराने बालसदनाला बैल दिले, आणि दात्याला दिसावे म्हणून मुलांना रस्त्यापलीकडच्या घरांपर्यंत सोडण्यात आले. सगळीकडे त्यांना मुकाट्याने बोजारा मिळाला. आकडसासू मात्र ताट घेऊन उंबऱ्यावर आडवी बसली होती. मी ओसरीवर होतो. गावच्या मुलांना तिचा हा शिरस्ता ठाऊक होता. तिच्या दारी वाद घातल्याविना चिरमुराही सुटत नसे.

पारबता पुढे झाली. आकडसासूने बैलाला कुंकू लावले आणि ताट मागे घेतले. “नाई देत. या बैलानं माह्या धानाच्या बांधीत नांगराचा एक तरी तास मारला का? बिनकामाच्या बैलाले कायले खावाले देऊ? बोल!” आणि ती थांबली. रांग थांबली. बरोबरची सेविका “ते मुकी हाय, माय” म्हणाली, तिला आकडसासूने हातानेच गप्प केले. पारबताने बैलाकडे पाहिले, ताटाकडे पाहिले. तिचा चेहरा रागाने लाल झाला.

“लाकडाचा हाय तो!” ती ओरडली. “लाकडाचा बैल नांगर वढते का?”

“हारली मी, जवाईबुवा!” आकडसासूने सारे ताट तिच्या ओच्यात उपडे केले. तिला हरलेले पाहण्याचा माझा तो पहिला प्रसंग; इतक्या आनंदाने हरलेला पक्षकार मी आजवर पाहिलेला नाही.

सोमवारी मी, पारबता तान्ह्या पोळ्याला बोलली, असे रीतसर निवेदन घेऊन समितीपुढे गेलो. आकडसासू बोलावल्यावाचून आली. मुलीला आत आणण्यापूर्वी अधीक्षिकाबाईंनी तिला दाराशीच, आमच्या देखत बजावले, “साहेबांसमोर तोंड उघडायचं नाही.” अध्यक्षांनी चेंडू दाखवून विचारले, “हे काय आहे?” पारबताने अधीक्षिकाबाईंकडे पाहिले आणि ओठ घट्ट मिटले. आज्ञा समजून ती तंतोतंत पाळणारे मूल अशा रीतीने, काहीच न समजणारे मूल म्हणून सिद्ध झाले. माझ्या निवेदनावर अध्यक्ष म्हणाले की सदर बोलणे समितीसमोर घडलेले नसल्याने ते घडले असे मानता येत नाही.

“तुमीच मुकं रावा म्हंता, अन् तुमीच मुकी म्हनून लिवता?” आकडसासू उभी राहिली.

“आपण कोण?”

“मी समोरची.”

समोरचीला बाहेर काढण्यात आले. समितीत पुन्हा उत्तम शांतता नांदू लागली, आणि त्या शांततेत शिफारशीवर मोहोर उमटली.

घटस्थापनेच्या सकाळी पारबताला न्यायला सदनाच्या फाटकाशी जीप आली. आकडसासूने आधी ड्रायव्हरशी, मग जीपशी वाद घातला. पारबता मागच्या बाकावर होती. तिने पडद्यातून तोंड बाहेर काढले आणि आकडसासूलाच विचारले, “काहून नेऊन राह्यले मले?” आणि ती थांबली, अगदी आकडसासूसारखी. जीप सुरू झाली, वळली, तलावाच्या पाळीवरून दिसेनाशी झाली, तरी माझ्या आकडसासूला उत्तर सुचले नाही.

त्याला आता वर्षे लोटली. कोणत्या संस्थेत पाठवले ते आम्हांस कळवण्यास ‘आपण नातेवाईक नसल्याने’ नकार मिळाला. त्यानंतरच्या माझ्या पत्रांना तोही मिळाला नाही. आकडसासू थकली आहे. अजून भांडते, पण मधेच विसरल्यासारखी बाहेर बघते आणि मला विचारते, “जवाईबुवा, तिकडं तिच्यासंगं भांडत असन का कोनी?” मी हो म्हणतो. ती प्रतिवाद करीत नाही, आणि तेच मला सहन होत नाही.

म्हणून मी ही मागणी करतो. मुलीने एक प्रश्न विचारला आहे. तो कोणाही सुबुद्ध माणसाला कळेल असा आहे. समितीच्या अध्यक्षांनी आमच्या गावच्या चौकात यावे आणि सर्वांसमक्ष, कागदाने नव्हे तर तोंडाने, त्याचे उत्तर द्यावे: तिला का नेले, आणि ती आता कुठे आहे?