वहिनी हात वर करते तेव्हा

आमच्या पक्षीमंडळात माझ्या वहिनीला सगळे 'एक्सचेंज' म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तिला ते आवडतं. नोकरीची सगळी वर्षं ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये बोर्डावर होती. समोर बारीक दिव्यांच्या रांगा, कानाला हेडफोन, हातात दोऱ्या. दिवा लागला की दोरी खोचायची आणि विचारायचं, "कोण हवंय?" पुढे नवी यंत्रं आली, बोर्ड भंगारात गेला आणि वहिनी चौकशीच्या टेबलावरून निवृत्त झाली. पण तोवर कान असे तयार झाले होते की नुसत्या 'हॅलो'वरून ती माणूस ओळखायची. वर "सर्दी झालीय तुम्हाला, वाफ घ्या" असा सल्लाही द्यायची.

तिला मंडळात आणलं मी. माझं कुलूप-किल्ल्यांचं दुकान आहे. दिवसभर चावी कापायच्या यंत्राची किरकिर ऐकून डोकं उठतं, म्हणून सुट्टीच्या सकाळी मी पक्षी बघायला जाऊ लागलो. दुर्बीण चांगली महागातली घेतली होती. एकदा वहिनी सहज बरोबर आली, एका झाडाखाली हाताची घडी घालून उभी राहिली आणि म्हणाली, "वर तिघं बोलतायत. चौथा नुसता ऐकतोय, मध्येच हं म्हणतोय." सगळ्यांनी दुर्बिणी वर केल्या. चार निघाले. त्या दिवसापासून मंडळात मी 'एक्सचेंजचा दीर' झालो. माझ्या दुर्बिणीला कोण विचारतो! मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण वहिनीवर राग धरणं कठीण असतं. ती स्वतःच्या वाटणीचा चहा आधी आपल्याला देते.

गावाच्या कडेला तळं आहे आणि तळ्याच्या एका अंगाला पाणकणसांचं दाट रान. मंडळाचा सगळा जीव त्या रानात. आम्ही गुडघाभर पाण्यात उतरून बाटल्या आणि पिशव्या वेचतो. पलीकडचा लाँड्रीवाला साबणाचं पाणी तळ्यात सोडायचा. त्याला आम्ही निवेदन दिलं, त्याने ते इस्त्री केलेल्या कपड्यांना गुंडाळलं. मग वहिनीने त्याला रोज सकाळी फोन करायला सुरुवात केली. अत्यंत गोड आवाजात, रोज. शेवटी त्याने हात टेकले आणि पाण्यासाठी वेगळा खड्डा खणला.

ही सगळी उठाठेव एका पक्ष्यासाठी. वटवट्यांच्या जातीतला, वाळक्या पानाच्या रंगाचा, अंगठ्याएवढा. पाणकणसांत घरटं बांधतो आणि तिथेच बसून राहतो. दिसणं जवळजवळ अशक्य. ऐकू मात्र येतो: तेल न घातलेलं शिवणयंत्र लांबच्या खोलीत कोणी चालवत असावं, तसा बारीक, लांबच लांब आवाज. आम्ही त्याला 'शिवणयंत्र' असंच म्हणतो.

आता जो दिसतच नाही तो मोजायचा कसा? सुरुवातीला आम्ही सगळे काठावर रांगेत उभे राहून, आवाज आला की बोट वर करायचो. एकाने डावीकडे ऐकला, दुसऱ्याने उजवीकडे, तिसऱ्याने दोघांची बोटं पाहून लाजेकाजेस्तव आपलंही वर केलं. भांडणं इतकी व्हायची की पक्षी उडून जायचे. शेवटी ठरलं, मोजायचं एकट्या एक्सचेंजने. कान नीट लागावा म्हणून सगळ्यांनी डोळे मिटायचे. वहिनीने ऐकलं की हात वर करायचा, आणि मंडळाचे चिटणीस, दातांचे डॉक्टर, यांनी डोळे उघडे ठेवून फक्त तिच्या हाताकडे बघायचं आणि लिहायचं. लिहायचं काम डॉक्टरांना, कारण ड्रिलने त्यांच्या कानांची वाट लावलेली. आम्ही बाकीचे डोळे मिटून उभे. खरं तर आमचं तिथे काहीच काम नव्हतं, पण पद्धत पडली ती पडली.

एकदा असंच परतताना वहिनी मला म्हणाली होती, "भाऊजी, माझ्याकडे दुर्बीण नाही, पुस्तकी ज्ञान नाही. कान आहेत तोवर मी मंडळात. कान गेले की घरी बसेन." मी हसून सोडून दिलं होतं.

यंदा नगरपालिकेने तळ्याभोवती फिरायचा रस्ता काढायचं ठरवलं. तो नेमका पाणकणसांतून जाणार. बागखात्याचे साहेब माणूस सरळ होते. म्हणाले, "तुमचा पक्षी तिथे घरटी करत असेल तर मी रस्ता पलीकडच्या काठाने नेतो. पण मोजणी करून लेखी द्या. नसेल तर मात्र पुढच्या महिन्यात कापणी सुरू." आम्ही खुशीत बाहेर पडलो. पक्षी तर दरवर्षी असतोच!

मोजणीच्या सकाळी हवा स्तब्ध होती. रांग लागली, डोळे मिटले. मी मिटल्या डोळ्यांनी वाट बघत उभा राहिलो. पाय भरून आले. शेवटी डॉक्टरांचा खाकरा ऐकून डोळे उघडले, तर ते कोरा कागद धरून उभे, आणि वहिनीचा हात खालीच. ती पाणकणसांकडे बघत होती.

"नाहीत," ती म्हणाली. "एकही नाही."

डॉक्टरांनी कागदावर मोठं शून्य काढलं आणि आम्ही एकेकाने खाली सह्या केल्या. वहिनीने सर्वात शेवटी केली. परतताना चहाचा थर्मास तसाच भरलेला राहिला.

त्यानंतर वहिनी घरात कोणी गेल्यासारखी वावरायची. मी दुकानातून जाता-येता डोकावायचो, तर म्हणायची, "आपणच बाटल्या वेचायला उतरलो होतो ना, भाऊजी? आपल्या पायांनीच बुजले असतील." दादा, म्हणजे माझा सख्खा भाऊ, तिला समजवायचा; त्याच्या पद्धतीने. त्याला पक्ष्यांचं काडीचं कौतुक नाही. आवाज रेड्यासारखा, आणि मन वळवायची रीत एकच: "अगं, दुसरा पक्षी बघा की एखादा!"

सुट्टीच्या दुपारी त्यांच्याकडे जेवायला गेलो. वहिनीने पाणी काढलं आणि फ्रीजचं दार किंचित उघडं राहिलं. थोड्या वेळाने फ्रीज टींटीं करू लागला. वहिनी फ्रीजकडे पाठ करून वाढत होती, ढिम्म हलली नाही. दादा घास अर्धा टाकून उठला, दार लावून आला आणि माझ्याकडे बघून कुरकुरला, "हे असं वर्षभर चाललंय. फ्रीज बोंबलतो, ओव्हन बोंबलतो, हिला पत्ता नाही. मी बोललो की मात्र शेजारच्या खोलीतून उत्तर देते."

"तुमचा आवाज शेजारच्या गल्लीत जातो," वहिनी म्हणाली.

दादा हसला. माझा घास मात्र हातातच राहिला. कारण मोजणीच्या सकाळी, मिटल्या डोळ्यांनी, मी तो आवाज ऐकला होता. बारीक, लांबच लांब, डावीकडून. मला वाटलं, चावीच्या यंत्राची किरकिर कानात राहिली असेल. डोळे उघडून पाहिलं तर वहिनीचा हात खाली, म्हणजे प्रश्नच मिटला. एक्सचेंजला नाही ऐकू आलं ते मला कुठून येणार?

जेवण कसंबसं उरकून मी पोस्टातल्या बाईंचं घर गाठलं. त्या रांगेत माझ्या शेजारी असतात.

"तुम्हाला त्या दिवशी काही ऐकू आलं होतं का हो?"

बाई दारातच चपापल्या. "उजवीकडून आलं होतं. पण मला वाटलं, कुणाची तरी सायकल असेल. एक्सचेंज गप्प होत्या ना!"

तिथून चष्म्याच्या दुकानदाराकडे. त्यालाही ऐकू आलं होतं. त्याला वाटलं, आपला रक्तदाब वाढलाय. तो बिचारा तपासूनही आला होता. मी मंडळातल्या प्रत्येकाकडे गेलो. डॉक्टर सोडून सगळ्यांनी ऐकलं होतं! आणि सगळ्यांनी 'पक्षी नाही' म्हणून खाली झोकात सही ठोकली होती. असली माणसं जगात दुसरीकडे सापडणार नाहीत.

आता प्रश्न सांगायचा कुणी हा होता. सांगावं तर वहिनीचा कान गेला, आणि कानाबरोबर वहिनी घरी बसणार. न सांगावं तर पाणकणसं कापली जाणार. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही घरचे आहात." पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "तुम्हीच आणलंत त्यांना." एरवी माझं कोणी ऐकत नाही, त्या दिवशी सगळ्यांनी एकमताने मला पुढे केलं. मला संताप आला, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. वहिनीने मंडळ सोडलं तर मीही कशाला जाऊ तिथे?

संध्याकाळी गेलो. वहिनी गच्चीतले कपडे काढून घड्या घालत होती. मी शेजारी बसून एका टॉवेलची तीनदा घडी घातली, तीनदा मोडली.

"भाऊजी, टॉवेल सोडा आणि बोला," ती म्हणाली.

"वहिनी, ते पक्षी आहेत."

तिचा हात थांबला.

"आम्ही ऐकले. सगळ्यांनी. त्याच सकाळी." मी टॉवेल पुन्हा उचलला. "तुला नाही ऐकू आले. फ्रीजचंही तुला ऐकू येत नाही. बारीक आवाज... वयाने होतं असं. कोणालाही होतं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी मनात दादाला, फ्रीजला, बागखात्याला, सगळ्यांना शिव्या घातल्या.

"म्हणजे ते आहेत?" ती म्हणाली.

"आहेत."

"नक्की? माझं मन राखायला नाही ना?"

"तुझं मन राखायला मी तुला बहिरी म्हणेन का?"

तेव्हा वहिनी हसली. आधी थोडी, मग कपड्यांच्या ढिगावर रेलून, पोट धरून हसली. "अहो भाऊजी! मला वाटलं, ते गेले! जेवण जात नव्हतं मला. माझे कानच गेलेत होय! मग ठीक आहे. एवढंच ना?" आणि दादाला हाक मारून म्हणाली, "अहो, ऐकलंत का? माझे कान गेलेत, पक्षी आहेत!" दादा पेपर घेऊन बाहेर आला. कोणाचं सांत्वन करायचं आणि कोणाचं अभिनंदन, हे त्याला कळेना.

माझा जीव भांड्यात पडला. पण लगेच ती गंभीर झाली. "मोजणी मात्र आता दुसऱ्याने करायची. मी येणार नाही. उगाच मधे लुडबुड."

"तू नाहीस तर पुन्हा सगळी बोटं वर करतील आणि भांडतील."

ती घडी घातलेला टॉवेल मांडीवर घेऊन विचार करू लागली. मग म्हणाली, "करू देत की वर. बोटं मला दिसतात ना?"

डॉक्टरांनी साहेबांना फोन करून फेरमोजणी मागून घेतली. कारण विचारल्यावर म्हणाले, "तांत्रिक अडचण." त्या सकाळी दादासुद्धा आला, आयुष्यात पहिल्यांदा. बायकोचे कान गेलेत तर कोणीतरी तिचा हात धरायला हवा, असं त्याने ठरवलं होतं. वहिनीने त्याला रांगेत उभं केलं आणि डोळे मिटायला लावले. आम्ही सगळ्यांनी मिटले. ती एकटी समोर उभी राहिली, डोळे उघडे ठेवून, आमच्याकडे तोंड करून.

आवाज आला. मी बोट वर केलं. नंतर पुन्हा, दुसरीकडून. मधूनच वहिनी हळू आवाजात डॉक्टरांना सांगत होती: "डावीकडची तीन एकदम वर गेली, तो एकच धरा. आता उजवीकडची. हा वेगळा. चष्मेवाले उशिरा वर करतात, ते शेजाऱ्याकडे चोरून बघतायत, त्यांचं सोडा." चष्मेवाल्याने घाईघाईने डोळे घट्ट मिटल्याचं मला न बघताच कळलं. कुठले दोन दिवे एकाच फोनचे आणि कुठले वेगळे, हे ओळखण्यात जिचा जन्म गेला, तिला आमची बोटं काय जड! कोणी भांडलं नाही. भांडायला वावच नव्हता.

पुरेसे निघाले. गेल्या वर्षीपेक्षा जास्तच. साहेबांनी पुढे रस्ता पलीकडून नेला, तो आता तयारही झालाय. पण मला आठवतं ते त्या मोजणीनंतरचं. चहा झाला, पांगापांग होत होती. डॉक्टर कागद मांडीवर घेऊन बेरीज करत होते. वहिनी काठावरच्या दगडावर दादाशेजारी बसली होती. तिने विचारलं, "कसा ओरडत होता हो? पूर्वीसारखाच?"

दादाने इकडेतिकडे बघितलं. मग तिच्या कानाशी वाकून, त्या रेड्याच्या आवाजात, त्याने शिवणयंत्र चालवलं. जाडंभरडं, खालच्या पट्टीतलं, मध्येच खोकत. त्याला लाज वाटत होती, पण थांबला नाही. वहिनीने डोळे मिटले. हळूहळू तिचा चेहरा उजळला, आणि सवयीने तिचा हात वर गेला.

समोर डॉक्टरांनी, तेही सवयीनेच, आणखी एक रेघ ओढली.

वहिनीने डोळे उघडले. "डॉक्टर, तो खोडा," ती म्हणाली. "तो घरचा आहे."