थोरल्या जावयांनी मशीन उघडलं

थोरल्या जावयांच्या दुकानावर 'सर्व प्रकारची दुरुस्ती' अशी पाटी होती आणि ती खोटी नव्हती. दुरुस्ती तिथे खरोखरच सर्व प्रकारची होई; मशीन चालू होणं हा त्यातला एक प्रकार, आणि तोही दुर्मीळ.

बंद मशीन घेऊन येणाऱ्याचं काही म्हणजे काही ऐकायचं नाही, हा त्यांच्या धंद्याचा पहिला नियम. गिऱ्हाईक "काल याच्यावर पाणी सांडलं हो" असं म्हणू लागलं, की ते हात वर करून त्याला गप्प करीत आणि स्क्रूड्रायव्हर उचलीत. आधी कव्हर उघडायचं, मग विचार करायचा. विचाराची पाळी सहसा येत नसे. मशीन परत बंद करताना एखादा स्क्रू उरे. कंपन्या स्क्रू जास्तीचे घालतात, असं त्यांचं मत होतं. या मताच्या पुष्ट्यर्थ त्यांच्याकडे दोन बरण्या भरून स्क्रू होते.

अशा माणसाला सासूबाईंनी लग्नानंतर सव्वीस वर्षांनी प्रथमच कामासाठी बोलावलं. एरवी साधा बल्ब गेला तरी हाक धाकट्या जावयांना जाई. ते कुठल्याशा ऑफिसात बसत आणि हात स्वच्छ धूत. घरातल्या अधिकाराला तेवढं पुरे होतं. पण या खेपेला धाकट्यांनी "टाकून द्या तो डीव्हीडी प्लेअर, आता कोण वापरतं?" असं म्हणून सासूबाईंचा रोष ओढवून घेतला होता. दर रविवारी अकरा वाजता त्या प्लेअरवर सासऱ्यांच्या पंचाहत्तरीच्या समारंभाची डिस्क लागे. सासरे जाऊन चार वर्षं झाली होती. हलते-चालते ते आता त्या डिस्कवरच उरले होते. गेल्या रविवारी तिथेही त्यांनी दर्शन दिलं नाही. टीव्हीचा पडदा नुसता निळा.

थोरले जावई पिशवी घेऊन आले ते छाती पुढे काढूनच. धाकटे सोफ्यावर पाय पसरून बसले होते. त्यांच्याकडे न बघता थोरल्यांनी टीव्हीच्या टाळक्यात एक चापट मारली. पडदा निळाच राहिला.

"जावईबापू, मी काय म्हणते," सासूबाई म्हणाल्या, "मी रिमोट पुसत होते, तेव्हा एक बटण दाबलं गेलं आणि—"

थोरल्यांचा हात वर गेला.

"आई, रिमोटनं मशीन मरत नसतं."

"त्याचं पुस्तक ठेवलंय मी जपून. त्यात—"

"पुस्तक वाचून मशिनं दुरुस्त होत असती, तर वाचनालयातली माणसं टीव्ही दुरुस्त करत फिरली असती."

धाकटे हसले. आपल्या विनोदाला हसले, असं थोरले धरून चालले.

मग त्यांनी पिवळी, लाल, पांढरी अशा तिन्ही वायरी उपटल्या, फुंकर मारली, पुन्हा खोचल्या. काही नाही. नव्या वायरी लावल्या. काही नाही. प्लेअरच्या तोंडावरचे हिरवे आकडे मात्र सेकंदासेकंदाला पुढे सरकत होते.

"आकडे पळतायत की," धाकटे म्हणाले. "म्हणजे डिस्क चालू आहे."

"आकडे काय, कुणालाही पळवता येतात," थोरले म्हणाले आणि कव्हर उघडलं.

पुढचा पाऊण तास सासूबाईंनी खुर्चीच्या कडेवर बसून काढला. डिस्क एकच होती आणि ती या माणसाच्या हाती होती. थोरल्यांनी स्पिरिटच्या बोळ्यानं लेन्स पुसली, ती दोनदा वर-खाली केली, कुठली तरी पट्टी काढून ती जागी बसेपर्यंत चिमट्यानं तिची विनवणी केली. शेवटी उघड्याच मशीनमध्ये डिस्क ठेवून बटण दाबलं. डिस्क गरगर फिरली. आकडे पळाले. पडदा निळा. आवाज शून्य.

आता कपाळावरचा घाम पुसणं भाग होतं. धाकट्यांसमोर पुसायचा नव्हता, म्हणून त्यांनी चष्मा पुसला.

"बोर्ड गेला," ते डॉक्टरी आवाजात म्हणाले. "चित्र नाही, आवाज नाही. फिरतंय ते नुसतं सवयीनं. काही करता येणार नाही, आई."

"मी तरी काय सांगत होतो?" धाकटे म्हणाले.

सासूबाई उठल्या. आठवडाभर त्यांनी रिमोटला हात लावला नव्हता. "आता आणखी काही दाबू नका," अशी धाकट्यांची ताकीद होती. आता त्यांनी तो उचलून डोळ्यांजवळ नेला, पुसताना दाबलं गेलेलं 'व्हिडिओ मोड' असं लिहिलेलं बटण शोधलं आणि दाबलं. पडदा निळा. पुन्हा दाबलं. निळा. तिसऱ्यांदा दाबलं, आणि पडद्यावर सासरे उभे राहिले. गळ्यात हार, हातात कागद, ओठ हलतायत.

 धाकट्यांनी सोफ्यावर पसरलेले पाय जवळ घेतले.

थोरले आधी सावरले. "पण आवाज?" त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. त्या बोटात नवी उमेद होती. "आवाज कुठाय? बघा! म्हटलं नव्हतं, बोर्ड गेलाय?"

"आवाज तेव्हाही नव्हता," सासूबाई म्हणाल्या. "शूटिंगवाल्यानं तो माईकच्याच वायरीतून घेतला होता. आणि माईक ऐन भाषणाआधी तुम्ही उघडला होता. खरखरतोय म्हणून."

कॅमेरा डावीकडे सरकला. व्यासपीठाच्या कोपऱ्यात, मांडीवर माईकचे तुकडे घेऊन, एक मनुष्य उकिडवा बसला होता. केस तेवढे काळे होते. चेहऱ्यावरचा आत्मविश्वास हाच.

सासूबाई खुर्चीत मागे टेकून बसल्या. सासऱ्यांचे ओठ हलत होते आणि त्यांच्या बरोबरीनं त्या हळू आवाजात भाषण म्हणत होत्या. एकही शब्द इकडचा तिकडे न होता. थोरले गुडघ्यांवर, हातात पक्कड, त्या दिवशी माईकच्या नादात न ऐकलेलं ते भाषण ऐकत राहिले. जावयांची नावं घेण्याची जागा भाषणात एकदा आली. सासूबाई थोरल्यांचं नाव गाळून पुढे गेल्या, की सासऱ्यांनीच ते घेतलं नव्हतं, हे मुक्या पडद्यावरून कळायला मार्ग नव्हता. मार्ग का नव्हता, तेही थोरल्यांना ठाऊक होतं.

भाषण संपलं तसा त्यांनी कव्हर लावण्यासाठी हात पुढे केला.

"अगं," सासूबाईंनी पडद्यावरची नजर न हलवता स्वयंपाकघरात मुलीला हाक दिली, "त्यांना चहा दे. पण आधी ती पक्कड काढून घे त्यांच्या हातातून."