गुरुजींचा स्लॅब

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार कुणाचे, तर माझ्या मराठी शाळेतल्या गुरुजींचे. त्या उपकारांची फेड म्हणून मी त्यांच्या डोक्यावर सिमेंटचा स्लॅब घातला.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. वडील दुसऱ्याच्या गलबतावर तांडेल होते. वारा, भरती आणि खडक यांपलीकडे त्यांना काही वाचता येत नसे. सातवीची परीक्षा झाली की मलाही गलबतावर घ्यायचं असं ठरलेलं होतं. गुरुजी तीन वेळा आमच्या घरी आले. दोन वेळा वडील समुद्रात होते, तिसऱ्या वेळी सापडले. गुरुजी त्यांना एवढंच म्हणाले, "तांडेलानू, ह्या पोराक गणित येता. गलबतार गणित वाया जातला." मग त्यांनी मला मालवणच्या हायस्कुलात घातलं, त्यांच्या बहिणीच्या घरी ठेवलं, आणि पुढे पुण्याला इंजिनिअरिंगला जाताना स्वतःची पत्र्याची ट्रंक दिली. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव होतं. वसतिगृहातली मुलं वर्षभर मला त्याच नावाने हाक मारीत. मी कधी दुरुस्ती केली नाही.

त्यांची शिकवण्याची एक रीत होती. गणित चुकलं तर पाटी पुसू देत नसत. चुकलेलं तसंच राहू द्यायचं आणि त्याच्या वर, त्याच पाटीवर, बरोबर गणित मांडायचं. "पुसलंस तर परत तसंच चुकशील," म्हणत. पाटी लहान, चुका मोठ्या. आमच्या पाट्या नेहमी गच्च भरलेल्या असत.

मी पदवी घेऊन कोल्हापूरला बांधकाम खात्यात लागलो तो काळ साठ सालाच्या आसपासचा. आमच्या किनाऱ्यावर तेव्हा घरबांधणीत नवं वारं शिरलं होतं. तोपर्यंत घर म्हणजे जांभ्याचे चिरे, फणसाचे वासे आणि वर मंगलोरी कौलं. पण मुंबईचे चाकरमानी गावी येत ते स्लॅबच्या गोष्टी घेऊन. कौलारू घर म्हणजे मागासलेलं, असं लोक बोलू लागले होते. देवगडला एका आंब्याच्या व्यापाऱ्याने स्लॅब टाकला तर माणसं बैलगाड्या करून बघायला गेली. सिमेंट परमिटवर मिळे. मामलेदार कचेरीत अर्ज करायचा, महिने मोजायचे आणि मग फोंडाघाट उतरून ट्रक आला की पोती मोजायची. त्यातली काही घाटातल्या धुक्यानेच दगड झालेली असत. एवढ्या खटपटीने मिळालेली वस्तू वाईट असेल, हे कुणाच्या मनातच येत नसे. माझ्या तर नाहीच नाही. मी परीक्षेत तिच्यावर पहिल्या वर्गाचे गुण मिळवले होते.

त्याच सुमाराला गुरुजी निवृत्त झाले. सगळी नोकरी बदल्यांत गेली होती. देवगड, फोंडा, बांदा, जिथे शाळा तिथे भाड्याची खोली. त्यांची आणि त्यांच्या पत्नीची, म्हणजे आमच्या काकींची, एकच इच्छा होती: स्वतःच्या घरात स्वतःचा गणपती आणायचा. भाड्याच्या खोलीत गणपती आणायचा नाही, असं काकींनी लग्नानंतर ठरवलं होतं आणि तीस वर्षं पाळलं होतं. गुरुजींनी आमच्याच गावात जागा घेतली, चिरे आणले, मेस्त्री बोलावले. मेस्त्री म्हणजे आमच्या पंचक्रोशीतले म्हातारे गवंडी. सुतारकामही तेच करीत. निम्मा गाव त्यांच्या हाताखालून उभा राहिलेला. त्यांनी वाशांसाठी फणस पाडून सुकत घातला होता.

मी सुट्टी काढून आलो आणि सोबत नकाशा आणला. निळ्या कागदावरचा, नीट गुंडाळलेला. गुरुजींनी तो दोन्ही हातांनी धरला. मेस्त्रींनी तो अंगणात पसरला, चार कोपऱ्यांवर चार चिऱ्याचे तुकडे ठेवले आणि बराच वेळ त्याभोवती फिरले.

"घराक छप्पर खंय आसा?"

"हेच छप्पर, मेस्त्री. सपाट असतं."

"पुण्याक जावन तुझी भाषा पन सपाट झाली. बरा. आनी पाणी खंय जातला?"

"दोन पाइप ठेवलेत. त्यांच्याकडे उतार दिलाय."

"पाण्याक सांगलंस तू? तेका ठावक आसा काय, पाइप खंय आसा तो?"

मी हसलो. शिकलेला माणूस हसतो तसा. पुस्तकात उतार दिलेला होता, पाइपाचं माप दिलेलं होतं. ते पुस्तक कुठल्या पावसाच्या मुलखात लिहिलं होतं, हे मी पाहिलं नव्हतं. आमच्याकडचा पाऊस मी अठरा वर्षं अंगावर घेतला होता, पण परीक्षेत तो कुणी विचारला नव्हता.

गुरुजींनी निर्णय दिला. "मेस्त्रीनू, पोरगो शिकान इलो आसा. तो सांगता तसा करूया."

"करूया. घर तुमचा, डोक्या तेचा. माझे निसते हात."

फणसाचे वासे मेस्त्रींच्या अंगणात गेले. घरामागे लाकडं ठेवायला एक मांगर हवा होता. तो मेस्त्रींनी जुन्या कौलांत आणि उरल्यासुरल्या लाकडांत चार दिवसांत उभा केला. त्याचा नकाशा मी काढला नव्हता. मांगराला कशाला नकाशा!

स्लॅब टाकायच्या दिवशी अर्धा गाव जमला. पोफळीचे टेकू, वर फळ्या, त्यावर सळ्या. बायका घमेली वर पोचवत होत्या आणि मी हातात पुस्तक घेऊन उभा होतो. घराचं आढं चढवताना त्याला लाल फडक्यात नारळ बांधायची आमच्याकडे चाल आहे. मेस्त्री नारळ घेऊन आले आणि इकडेतिकडे बघत राहिले. आढंच नव्हतं.

"नारळ खंय बांधू, सायबानू?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा 'सायबानू' झालो. मी माजघराच्या मधोमध सळ्यांना अडकवलेल्या लोखंडी हुकाकडे बोट दाखवलं.

"ह्या काय?"

"पंख्याचा हूक."

"पंखो? वीज खंयसर इली?"

"येईल की."

"बरा. वीज येयपर्यंत नारळ रवांदे थंय."

सगळे हसले, गुरुजीही हसले. काकी मात्र हुकाकडे बघत होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "झिला, माटवी खंय बांधतले रे?"

माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट. तिला नारळ, सुपाऱ्या, कवंडळं, तेरड्याची फुलं असं रानातलं सगळं बांधायचं. ती चार कोपऱ्यांनी वाशांना टांगतात. वाशांशिवाय घर असू शकतं हे कधी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, म्हणून ती कशाला टांगायची हा प्रश्नही कधी पडला नव्हता. मी त्याच गावात वाढलो होतो. दर चतुर्थीला रानात जाऊन कवंडळं मीच आणत असे. न आलेल्या विजेचा पंखा मला आठवला होता, माटवी आठवली नव्हती.

"हुकाला बांधा ना, काकी," मी म्हणालो.

"हूक एक, माटयेक कोनशे चार," काकी म्हणाल्या, आणि चहा करायला गेल्या.

गुरुजींची पत्रं नियमित येत. अक्षर तेच, फळ्यावरचं. "घर फार छान झाले आहे. गावातले लोक पाहायला येतात. तुझे नाव सांगतो." मग पाऊस सुरू झाला. "यंदा पाऊस उत्तम. आम्ही उभयता कोरडे व खुशाल आहोत." श्रावणातही तेच: "कोरडे व खुशाल आहोत." माणसं पत्रात खुशाल असतात, कोरडे आहोत असं कुणी मुद्दाम लिहीत नाही. पण गुरुजी काटेकोर होते, ते खोटं लिहीत नसत, आणि मी स्वतःवर इतका खूष होतो की त्या शब्दाजवळ थांबलोच नाही.

चतुर्थीला त्यांच्या घरी पहिला गणपती. आपण अचानक जाऊन उभं राहायचं, असं मी ठरवलं. आदल्या दिवशी एसटीने घाट उतरलो, रस्त्यापासून चालत गेलो. पाऊस सरळ पडत होता. घराची पडवी सारवून रांगोळी काढलेली होती. दार लोटलेलं होतं. आत गेलो तर कुणी नाही. माजघरात दोन हंडे, एक परात आणि काकींचं लग्नातलं घंगाळ ठेवलं होतं, आणि प्रत्येकात वेगळ्या सुरात पाणी पडत होतं. सगळ्यात मोठी धार हुकावरून होती. पाणी स्लॅबभर फिरून हुकाजवळ जमत होतं, आणि सळीवरून उतरून त्या नारळावरून घंगाळात पडत होतं. नारळाला कोंब आला होता.

मागून बोलणं ऐकू आलं. मी मागच्या दाराने बाहेर पडलो. मांगरात दिवा होता. चूल होती, भांडी होती, भिंतीला गुरुजींची छत्री आणि सदरा होता. पाटावर रुमालाने झाकलेला गणपती होता. मेस्त्री शिडीवर उभे राहून वाशांना माटवी बांधत होते.

"अगो बाय!" काकी म्हणाल्या. "आनी कळवलंस नाय तां?"

गुरुजी चटकन उठून मांगराच्या दारात आले, मला आतलं दिसू नये असे. वर्गात इन्स्पेक्टर आले की ते फुटलेल्या खिडकीसमोर असेच उभे राहत. "ये, ये. आम्ही सहज इकडे बसलो होतो. नव्या घराला थोडी ओल असायचीच."

मेस्त्रींनी वरूनच मान वळवली. "सायबानू, इलात? बरा झाला. गणपतीक तुमच्या हुकाखाली बसयतलंव होतंव. पण काकी म्हणाक लागली, पयल्याच दिवशी विसर्जन नको."

"मेस्त्रीनू, गप ऱ्हवा," गुरुजी म्हणाले.

मी बॅग ठेवली आणि शिडी लावून स्लॅबवर चढलो. घोटाभर पाणी होतं. फणसाची पानं दोन्ही पाइपांत घट्ट बसली होती. मी काठीने ती काढली. पाणी थोडं गेलं, बाकीचं जागच्या जागी राहिलं. माझ्या उताराची त्याला माहितीच नव्हती. खाली सगळे वर बघत होते. मला तेव्हा खरं बोलता आलं असतं.

"पाइप तुंबले होते," मी वरून ओरडून सांगितलं. "बाकी काही नाही."

"मी म्हटलंच होतं!" गुरुजी इतक्या आनंदाने म्हणाले की मला खाली उतरवेना.

चतुर्थी मांगरात झाली. आरतीला जागा पुरेना, माणसं पावसात उभी राहिली. कुणी विचारलं तर गुरुजी सांगत, "मोठ्या घरात धूर कोंडतो, म्हणून इथे." काकींच्या तीस वर्षांच्या थांबण्यातून आलेला गणपती लाकडं ठेवायच्या जागेत बसला होता. त्या हात जोडून एकदाही घराकडे वळल्या नाहीत.

परत जाताना मेस्त्री मला रस्त्यापर्यंत पोचवायला आले. अर्ध्या वाटेवर म्हणाले, "दोन म्हयने मांगरात रवतत. माका सांगल्यानी, पोराक कळवू नको. मी म्हटलंय, स्लॅबार वासे चढयतंय, वर कौलां घालतंय. वासे माझ्या अंगणात सुकान तयार आसत. तर घालूक देणत नाय."

"का?"

"पोराचा पयला काम आसा म्हणतत. वर कौलां घातली तर गाव तुका हसतलो. तुझा नाव रवाचा म्हणान म्हातारो लाकडांत निजता." थोडं चालून म्हणाले, "आनी काकीक दमो आसा. तां तुका ठावक नसतला."

मला ठाऊक नव्हतं. एसटी आली.

आज त्या बाजूला गेलात तर निम्म्या स्लॅबांवर कौलं किंवा पत्रे चढवलेले दिसतील. लोक त्याला सोय म्हणतात. तेव्हा मात्र स्लॅबवर कौलं घालणं म्हणजे इंजिनिअरच्या पदवीवर गोणपाट घालणं होतं, आणि गुरुजी ते होऊ देणार नव्हते. मी बंद पाकिटातून कितीही क्षमा मागितली असती तरी ते पत्र त्यांनी घडी घालून ठेवून दिलं असतं आणि उत्तर पाठवलं असतं की आम्ही कोरडे आहोत. म्हणून मी पोस्टकार्ड घेतलं. आमच्या गावचं पोस्ट वाण्याच्या दुकानात होतं. कार्ड आलं की ते आधी वाणी वाची, मग दुकानात बसलेले वाचत, आणि ज्याचं असे त्याच्याकडे पोचेपर्यंत गावाला पाठ झालेलं असे. कोल्हापूरला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी बारीक अक्षरात लिहिलं:

"तीर्थरूप गुरुजींच्या सेवेशी, शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पाइप तुंबले होते असे मी म्हणालो, ते खोटे होते. पाइप लहान आहेत, उतार कमी आहे, आणि दोन्ही माझ्याच नकाशातले आहेत. मेस्त्रींनी मला पहिल्या दिवशी सांगितले होते. त्यांच्या हाताची काही चूक नाही.

आपण आम्हांला चुकलेले गणित पुसू देत नव्हता, त्याच्या वर बरोबर मांडायला लावत होता. त्याप्रमाणे स्लॅब आहे तसा राहू द्यावा आणि पाऊस उघडताच त्यावर मेस्त्रींकडून वासे व कौले घालून घ्यावीत. या कामाचा नकाशा मी पाठवत नाही. उतार मेस्त्री ठरवतील.

माटवीसाठी माजघराच्या स्लॅबला चार भोके पाडून घ्यावीत. वर कौले असतील तेव्हा माझी हरकत नाही. नारळ काढून अंगणात लावावा.

काकींना आता मांगरात निजू देऊ नये. कौले होईपर्यंत मालवणला आपल्या बहिणीकडे न्यावे. दिवाळीला रजा घेऊन येतो. कौले वर देण्याचे काम मला ठेवावे.

हे कार्ड मुद्दाम उघडे पाठवले आहे. दुकानात ज्यांनी वाचले असेल त्यांनी ते गुरुजींना नेऊन द्यावे, आणि स्लॅब टाकण्याचा विचार असेल तर आधी मेस्त्रींना विचारावे.

काकींना व मेस्त्रींना नमस्कार.

आपला विद्यार्थी"