ओट्यामागची भिंत

शेजारच्या देसाईकाकू जिन्यात भेटल्या आणि सहज म्हणाल्या, "तुमच्या ह्यांना चहा गोड झालेला चालत नाही वाटतं." मी हसले. चहावरून आमची कुरबूर त्याच सकाळी झाली होती, आणि आमच्या ओट्यामागची भिंत काकूंच्या घराला लागून आहे.

तेव्हापासून आम्ही हळू आवाजात भांडतो. पण कुजबुजत भांडण फार रंगत नाही. समोरचा विचारतो, "काय म्हणालीस?" आणि तेच वाक्य दुसऱ्यांदा त्याच रागानं म्हणता येत नाही. आपला स्वभाव आपला असतो, असं मी समजत होते. त्यातला किती भाग भिंतीच्या जाडीवर ठरतो, कुणास ठाऊक.

हल्ली पलीकडूनही काही ऐकू येत नाही. पूर्वी काकू फोनवर मोठ्यानं बोलायच्या, काका रेडिओ लावायचे. आता नुसती शांतता, आणि तीच मला जास्त खटकते. ती दोघं आमच्याबद्दल तर बोलत नसतील?

काल रात्री जेवताना नवऱ्याला हे सांगितलं. त्यानं हळूच विचारलं, "तू त्यांना काही बोललीस का?"

"छे. काकूंना गुडघे कसे आहेत, एवढंच विचारलं होतं."

"त्यांचे गुडघे दुखतात, हे तुला कुणी सांगितलं?"

मी आठवून पाहिलं. कुणीच सांगितलं नव्हतं.