उलट्या फळ्या

एप्रिलमध्ये बर्फ वितळला आणि हाल्डिसचा उजवा पाय घोट्यापर्यंत मागच्या लाकडी ओट्यात गेला. फळी कुजली होती. तिनं पाय बाहेर ओढला, मोजा खाली करून खरचटलेलं बघितलं आणि कपड्यांची बादली उचलून आत गेली. दुसरी कुणी असती तर निदान ओरडली असती. पण गेल्या ऑक्टोबरात नवऱ्याला, ओड्वारला, विस्मरणाच्या आजारापायी शुश्रूषागृहात ठेवल्यापासून हाल्डिसला कशाचं काही वाटेनासं झालं होतं. पाय दुखतोय हे तिला कळलं, एवढंच.

तशी ती पहिल्यापासून कमी बोलणारी. स्टाइनशेर गावातल्या शाळेत मुलांच्या दातांचा दवाखाना होता, तिथं तिनं एकतीस वर्षं मदतनीस म्हणून काढली. खुर्चीत बसलेल्या पोराला ती कधी ‘दुखणार नाही हं’ असं म्हणाली नाही. हात धरायची आणि सांगायची, “दुखेल. दहापर्यंत मोज.” आज निम्म्या गावाचे दात तिच्या ओळखीचे आहेत. खरं बोलणारी बाई म्हणून तिचा लौकिक होता आणि तो खरा होता, एक गोष्ट सोडली तर. ती गोष्ट म्हणजे हा ओटा.

घरामागे लाकडी ओटा नाही असं घर आमच्याकडे शोधून सापडायचं नाही. वर्षातले जेमतेम दहा आठवडे बाहेर बसता येतं, पण त्या दहा आठवड्यांसाठी माणसं हयात घालवतात. सुतार बोलावणं कमीपणाचं. ओड्वारनंही चौऱ्याण्णव साली, शाळेची बस चालवून आल्यावर संध्याकाळी संध्याकाळी खपून ओटा स्वतः बांधला. शेवटच्या चार-पाच फळ्या राहिल्या होत्या तेव्हा शेजारचा आयलिफ कुंपणापाशी आला. आयलिफ लाकडाच्या गिरणीत कामाला, त्यामुळे त्याला गप्प बसवेना. म्हणाला, फळ्या उलट्या बसवतोयस.

आता फळीला सुलट-उलट काय असतं, तर झाडाच्या गाभ्याकडची एक बाजू आणि सालीकडची एक. फळीच्या टोकाला वर्षांच्या रेघांच्या कमानी दिसतात. गाभा वर ठेवला की कमान वाटीसारखी दिसते, आणि फळी वाळताना मधोमध किंचित उचलली जाते, पाणी ओघळून जातं. साल वर ठेवली की फळीची पन्हळ होते. हे इकडे मिसरूड फुटायच्या आधी माणसाला ठाऊक असतं, आणि तरी दर उन्हाळ्यात कुणीतरी चुकतंच. ओड्वार चुकला होता. पण तो हातोडी खाली न ठेवता म्हणाला, “साल बाहेर असते ती पावसासाठीच. झाडाला कळतं ते तुला कळत नाही?”

यावर आयलिफ काहीतरी बोलला, ओड्वार त्याहून जास्त बोलला, आणि तीस वर्षं दोघं एकमेकांशी मान हलवण्यापलीकडे गेले नाहीत. फळ्यांच्या व्हायच्या त्या पन्हळी झाल्या. पावसाळी दिवसांत त्यांत पाणी उभं राही, थंडीत त्याचा बर्फ होई, वसंतात शेवाळ. हाल्डिसनं तीस थंड्या त्यावर वाळू पसरली आणि तीस वसंत गुडघ्यांवर बसून शेवाळ घासलं. ओड्वार डबकी चुकवत चालायचा, पण डबकी आहेत हे कबूल करायचा नाही. तीही एका अक्षरानं बोलली नाही.

मे महिन्यात शुश्रूषागृहातली परिचारिका तिच्याशी बोलायला बाजूच्या खोलीत आली. ओड्वारला एका दुपारपुरतं घरी नेता येईल म्हणाली, पण चाकाच्या खुर्चीतून, आणि वाटेत पायरी नको. आणि न्यायचं असेल तर उन्हाळ्यातच न्या, कारण त्याचं विसरणं आता वेगानं चाललंय. हाल्डिसच्या घराला पुढून दगडी पाच पायऱ्या. खुर्चीला आत शिरायची वाट एकच, मागची, त्या कुजक्या ओट्यावरून. आपलं घर आपलं आहे हे त्याला कळतंय तोवर त्यानं एकदा मागच्या दारी बसावं, एवढं एकच तिला हवं होतं. आपण हाल्डिस आहोत हे त्याला कळावं असंही होतं, पण ते तिनं स्वतःलाही सांगितलं नाही.

मेमध्ये सुतार मिळतो होय? सगळ्यांनी सप्टेंबर सांगितला. तेव्हा ती कुंपणापाशी गेली आणि आयलिफला विचारलं. तो आता चौऱ्याहत्तरचा होता, गुडघे गेलेले, पण करवत आणि गाडीमागचा ट्रेलर दोन्ही शाबूत. ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ हे वाक्य त्याच्या जिभेवर असणार, पण त्यानं ते गिळलं.

“कोणती बाजू वर ठेवायची?” त्यानं विचारलं.

“तुला माहीत आहे कोणती,” हाल्डिस म्हणाली.

 तो पहार आणायला गेला.

जुन्या लाकडात कीड लागू नये म्हणून विष मुरवलेलं असतं, ते चुलीत घालायला बंदी आहे, म्हणून फळ्या उचकटायच्या आणि ट्रेलरमधून कचराकेंद्रावर नेऊन टाकायच्या असं दोन दिवस चाललं. हाल्डिस पहार घालायची, खिळे किंचाळत वर यायचे. नवऱ्यानं ठोकलेला एकेक खिळा आपण उपटतोय, काहीतरी वाटायला हवं, असं तिच्या मनात येई. मग ती पुढची फळी घेई.

तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकलेलं बाक हलवलं. ते वजनदार बाक ओड्वारनं सत्त्याण्णव साली तिथं ठेवलं आणि नंतर कुणाला हलवू दिलं नव्हतं. खाली तीन फळ्या सपाट होत्या, कोरड्या, शेवाळाचा मागमूस नाही. खिळेही वेगळे, नंतरचे. आयलिफनं एक फळी काढून टोक उजेडाकडे धरलं. वाटीसारखी कमान. सुलट. हाल्डिस बहिणीकडे गेली असताना कधीतरी ओड्वारनं गुपचूप तीन फळ्या उलटून बघितल्या होत्या, त्याला कळायचं ते कळलं होतं, आणि मग त्यानं त्यावर बाक ठेवलं.

आयलिफनं ती फळी दोनदा फिरवून पाहिली आणि इतर फळ्यांबरोबर ट्रेलरमध्ये ठेवली. “कॉफी आहे का?” एवढंच म्हणाला. आपल्याला हसू यावं की राग, हे हाल्डिसला ठरवता येईना, आणि दोन्हींतलं काही आलंही नाही. तिनं कॉफी ठेवली.

नवा ओटा दाराच्या उंबऱ्याशी समतल केला, बाजूनं बागेत उतरता उतार केला. दोन फळ्यांत सुताराच्या चपट्या पेन्सिलीएवढी फट, गाभा वर. जूनच्या विसाव्या तारखेला शेवटचा स्क्रू बसला. त्यानंतरच्या बुधवारी दोन वाजता गाडी आली.

करवत न्यायला आलेला आयलिफ घरी निघाला होता, पण खुर्ची उतारावरून वर ढकलायला कुणीतरी हवं म्हणून हाल्डिसनं त्याला थांबवलं. ओड्वारला नीट इस्त्रीचा सदरा घातला होता. तिनं वाफल केले, तपकिरी चीज किसलं, स्ट्रॉबेरीचा मुरंबा काढला. तो दोन वाफल खाऊन बर्च झाडाकडे बघत बसला.

“छान जागा आहे,” तो म्हणाला. “तुमचीच का?”

“आपली,” हाल्डिस म्हणाली.

त्यानं मान हलवली, बसमध्ये चढणाऱ्या प्रवाशाला हलवायचा तशी. मग कॉफी चांगली झाल्याचं सांगून आभार मानले आणि तिला बाई म्हणाला. उशीर झाला, ती मनात म्हणाली. मे महिन्यात सुतार मिळाला असता तर. हेही तिनं नुसतं नोंदवल्यासारखं मनात म्हटलं, आणि बशा गोळा केल्या.

चारला गाडी परत आली. आयलिफ खुर्ची हळूहळू उतारावरून नेत होता तेव्हा ओड्वारनं एकदम ओट्याची कड पकडली. वाकून त्यानं फळ्यांच्या टोकांवरून अंगठा फिरवला. एक, दुसरी, तिसरी.

“कुणी बसवल्या या? सगळ्या उलट्या आहेत.”

हाल्डिसनं आयलिफकडे पाहिलं. तीस वर्षं हा माणूस या एका वाक्याला उत्तर द्यायला थांबला होता. आयलिफही वाकला, टोकं निरखली.

“खरंच की,” तो म्हणाला. “उलट्याच बसल्या.”

“साल पावसाकडे हवी.”

“चुकलं माझं. सोमवारी काढून परत बसवतो.”

ओड्वारचं समाधान झालं. मग आवाज उतरवून तो आयलिफला म्हणाला, “शेजारी एक आयलिफ म्हणून आहे, तो भलतंच सांगेल. ऐकू नकोस त्याचं. तसा बरोबर असतो तो, पण ऐकायचं नाही. माझ्या हाल्डिसला कळलं होतं सगळं. वाळू टाकत राहिली बिचारी, एका शब्दानं बोलली नाही मला. तशी बायको मिळायला नशीब लागतं.”

हाल्डिस दोन हातांच्या अंतरावर उभी होती, वाफलची बशी धरून. ओड्वारनं तिच्याकडे बघून सभ्यपणे मान लववली. आयलिफनं खुर्ची गाडीत चढवली, पट्टे आवळले, दार लागलं.

गाडी वळणापलीकडे गेली तरी आयलिफ फाटकाशीच पाठमोरा उभा राहिला. हाल्डिस आत गेली, बशी सिंकमध्ये ठेवली आणि सिंकचा काठ दोन्ही हातांनी धरला. दुखत होतं. ऑक्टोबरपासून पहिल्यांदा, अगदी मुळापासून दुखत होतं. तिनं दहापर्यंत मोजलं. दहा झाले तरी थांबेना, तेव्हा तिनं पुन्हा एकपासून सुरुवात केली.